ट्रॅक्टर, बर्नार्ड आणि मी

"आणू या की त्याला आपल्याकडे," असं मी म्हणालो आणि बटाट्याचा पुढचा घास तोंडात टाकला.

माणसाने तोंडात घास असताना निर्णय घेऊ नयेत. पण ग्लेनिस, म्हणजे माझी बायको, तीन दिवस जेवताना खिडकीबाहेर बघत होती. लग्नाला चौतीस वर्षं झाली की बायको खिडकीबाहेर का बघते ते कळतं. (काय बघते ते अजून कळायचंय.) तिच्या थोरल्या भावाला, सिरिलला, गुडघे आणि स्मरणशक्ती या दोघांनी एकाच हिवाळ्यात दगा दिला होता. बिचारा सडाफटिंग माणूस. मेंढ्या शेजाऱ्याने घेतल्या, शेत विकलं गेलं, सिरिलला बर्नी शहरातल्या वृद्धाश्रमात एक खोली आणि एक खुर्ची मिळाली, आणि राहिला कुत्रा. तो कोणी घेईना. सिरिल वृद्धाश्रमात गेल्यापासून फक्त दोनच वाक्यं बोलत होता: "चहा गार आहे" आणि "ट्रॅक्टर कुठाय?"

ट्रॅक्टर हे कुत्र्याचं नाव. शेजारच्या शेतावरच्या तीन वर्षांच्या मुलीने ते ठेवलं होतं. तिला तेव्हा सात-आठच शब्द येत होते, त्यांतला त्यातल्या त्यात बरा तिने निवडला.

वृद्धाश्रमाच्या बाई म्हणाल्या, "भेटायला आणा की कुत्र्याला. आमचा काही विरोध नाही. फक्त तो शांत हवा. आमच्याकडे एक पूडल आहे आणि काठ्या टेकत चालणारी एकोणीस माणसं आहेत."

"शांत ना? ते माझ्यावर सोडा," मी म्हणालो.

एवढा आत्मविश्वास कुठून आला ते सांगतो. तास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावर लेव्हन बे नावाचं आमचं गाव आहे, आणि तिथल्या नगरपालिकेत मी, मर्व्हिन पिकेट, सव्वीस वर्षं कुत्र्यांच्या नोंदणीचा कारकून आहे. गावातल्या प्रत्येक कुत्र्याचा बिल्ला माझ्या हातून गेलाय. शिवाय मी लेखक आहे. 'शांत कुत्रा, सुखी शेजार' ही आठ पानी पुस्तिका माझी. मागच्या पानावर माझा फोटो आहे, एका लॅब्रॅडॉरच्या खांद्यावर हात ठेवलेला. (लॅब्रॅडॉर उसना होता.) पान तीनवर ठळक अक्षरांत मी लिहिलंय: 'भुंकणारा कुत्रा म्हणजे निष्काळजी मालक!' हे वाक्य मी काउंटरवर आलेल्या किती लोकांना वाचून दाखवलं असेल, त्याचा हिशेब नाही. काही जण ऐकून रडलेसुद्धा.

ट्रॅक्टर घरी आला. काळा-तपकिरी केल्पी, म्हणजे मेंढ्या राखणारा कुत्रा, अठरा किलो, डोळे मधासारखे. घरात इतका सभ्य की मलाच पाय पुसून आत यावंसं वाटायला लागलं. पहिल्या रविवारी मी त्याला फिरायला काढलं. कोपऱ्यावरून एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांचा डॅक्सहुंड येत होते. डॅक्सहुंड म्हणजे जमिनीवरून सरकणारं एक लांबट सॉसेज. त्याला पाहून ट्रॅक्टर दोन पायांवर उभा राहिला आणि त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की तो कुत्र्याचाच आहे ना हे मला दोनदा बघावं लागलं. मग तो पुढे, दोरी मध्ये आणि मी मागे, असे आम्ही हायड्रेंजियाच्या फुलझाडांच्या एका कुंपणातून गेलो. कुंपणाला फाटक होतं. ते आम्ही वापरलं नाही.

असं आठवड्यात चार वेळा झालं. पाचव्या वेळी एका बाईंनी तक्रार केली. पत्र अर्थातच माझ्याच टेबलावर आलं: 'काळा-तपकिरी कुत्रा, फार आक्रमक. सोबत जाडा माणूस, त्याला कुत्रा आवरत नव्हता.' नियम म्हणजे नियम. मी नोंदवही उघडली, त्या गल्लीतला काळा-तपकिरी कुत्रा शोधला, मालकाचं नाव वाचलं, आणि छापील ताकीद टाइप केली: 'प्रिय श्री. पिकेट, आपल्या बेजबाबदार वर्तनाबद्दल...' सही केली आणि टपालात टाकली.

बुधवारी पत्र घरी आलं. वाचून मी इतका चिडलो की काय सांगू. ही काय भाषा झाली? माणूस प्रयत्न करतोय, त्याची बाजू ऐकायची पद्धत आहे की नाही?

"कुणी लिहिलंय?" ग्लेनिसने विचारलं.

"एक उद्धट कारकून आहे," मी म्हणालो.

तिने सही पाहिली आणि पत्र फ्रिजवर चुंबकाने लावलं. गंमत तिथेच संपत होती. दुसरी तक्रार आली तर कागद थेट आमच्या साहेबांकडे, डंकनकडे जाणार होता, आणि मग कुत्र्याच्या तोंडाला जाळी बांधा, कोंडून ठेवा, नाहीतर घेऊन जातो, अशा पायऱ्या होत्या. त्या सगळ्या मला पाठ होत्या, कारण त्या मीच लिहिल्या होत्या. 'ट्रॅक्टर कुठाय' या प्रश्नाला मग आम्ही काय उत्तर देणार होतो?

ग्लेनिसने ओल्वेनला फोन केला.

ओल्वेन थ्रेलफॉल. वय सत्तर, उंची पाच फूट, चोवीस वर्षं तुरुंगात वॉर्डन आणि निवृत्तीनंतर बिघडलेल्या कुत्र्यांची शिक्षिका. बाई आमच्या अंगणात आली, कुत्र्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, थेट माझ्याकडे पाहत म्हणाली, "चल. फिरवून दाखव."

रस्त्याला लागलो. दूरवर एक स्पॅनियल दिसला. पुढे काय झालं ते सांगायला नको. हायड्रेंजियावाल्यांनी एव्हाना तिथे फळी लावली होती.

"फार रागीट आहे हो," मी धापा टाकत म्हणालो.

"घाबरट आहे," ओल्वेन म्हणाली. "आपण अंगावर भुंकलो तर समोरचा अंगावर यायचा थांबतो, एवढंच त्याला आयुष्यात कळलंय. आणि रोज त्याचं खरं ठरतं. तो भुंकतो, समोरचे पळतात. बरं, मला सांग, समोर कुत्रा दिसला की तू काय करतोस?"

"मी? काहीच नाही."

"श्वास घेतोस?"

अठ्ठावन्न वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. पुढच्या कोपऱ्यावर एक कॉली दिसली तेव्हा मी स्वतःकडे लक्ष दिलं. श्वास बंद. दोरीचे मनगटाला दोन वेढे. खांदे कानांना टेकलेले. आणि तोंडाने मी म्हणत होतो, "शांत राहा, शांत राहा," तेही विमान पडत असताना वैमानिक बोलेल तशा आवाजात.

"बघ. त्याला कॉली दिसलीसुद्धा नव्हती," ओल्वेन म्हणाली. "तू त्याला दोरीवरून आधीच तार पाठवलीस, संकट आलंय म्हणून. ग्लेनिस, दोरी तू धर. आणि तू, मर्व्ह..."

"मी काय करू?"

"तू जरा लांब जा."

तिची पद्धत अशी होती. घाबरट कुत्र्यापासून समोरचा कुत्रा इतका लांब ठेवायचा की तो दिसेल, पण भीती वाटणार नाही. त्याने त्याच्याकडे पाहिलं की लगेच चीजचा एक तुकडा. पाहिलं, चीज. पाहिलं, चीज. ओरडायचं नाही, दोरी ताणायची नाही, मारायचं तर मुळीच नाही. काही दिवसांनी त्याच्या डोक्यात बसतं की दुसरा कुत्रा दिसणं म्हणजे चीज येण्याची वर्दी आहे. मग तो कुत्र्याकडे बघतो आणि आपण होऊन मान वळवून तुमच्याकडे बघतो. त्या मान वळवण्याची वाट बघायची. अंतर हळूहळू कमी करायचं.

एकच अडचण होती. समोर उभं राहायला एक हलणार नाही, भुंकणार नाही असा कुत्रा हवा होता. ओल्वेनची स्वतःची कुत्री त्या कामात तरबेज होती, पण ती म्हातारपणी आदल्याच वर्षी गेली होती.

"आमच्या दुकानात आहे एक," ग्लेनिस म्हणाली. ती आठवड्यातून दोन दिवस चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात बसते. तिथून तिने बर्नार्ड आणला. कापडी, आत कापूस भरलेला, खऱ्या सेंट बर्नार्डच्या मापाचा. एक डोळा नव्हता, पण लांबून चेहऱ्यावर मोठा समजूतदारपणा दिसायचा.

अशा रीतीने माझी कुत्रा फिरवण्याच्या कामावरून कापडी कुत्रा धरण्याच्या कामावर बदली झाली. रोज सकाळी कामावर जाण्याआधी फुटबॉलच्या मैदानावर मी बर्नार्डला घेऊन उभा, आणि चाळीस मीटरवर, गुणफलकाच्या आडोशाला, ग्लेनिस, ओल्वेन आणि ट्रॅक्टर. (वाटेत कुत्रे भेटू नयेत म्हणून ट्रॅक्टरला आम्ही मागच्या दारानेच गाडीत घालून आणायचो.)

आणि खरं सांगू? मला त्यात भलताच रस वाटायला लागला. इतकी वर्षं मी कुत्र्यांची नोंद केली, पण एकाही कुत्र्याकडे नीट पाहिलं नव्हतं. मी एक वही घातली. चाळीस मीटर: कान उभे. छत्तीस: शेपटी ताठ, जीभ ओठांवरून एकदा. तेहतीस: जांभई. (झोप आलेली नसताना जांभई का? ओल्वेन म्हणाली, मनावर ताण आला की देतात.) एकोणतीस: पापणी लवत नाही. अठ्ठावीस: कुंपण. एका मीटरमध्ये एवढा फरक कसा काय पडतो? त्या एका मीटरमध्ये त्याच्या डोक्यात नक्की काय होतं? पावसात अंतर वाढतं का? वाढतं. आदल्या दिवशी वादळ झालं असेल तर? दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहतं. मी ऑफिसातही बघायला लागलो. मी केबिनमध्ये शिरलो की डंकनसाहेब ओठांवरून जीभ फिरवतात आणि मी बोलायला लागलो की जांभई देतात. सव्वीस वर्षं माझा समज होता की साहेबांची झोप होत नाही.

तिसऱ्या आठवड्यात ती सकाळ आली. सोसाट्याचा पश्चिमेचा वारा होता, बर्नार्ड सारखा आडवा पडत होता, मी त्याला उठवून उभा करत होतो, त्याच्या अंगावरचं गवत झटकत होतो आणि लांबून ओल्वेनचा आवाज येत होता, "हलव त्याला थोडा! जिवंत वाटू दे!" म्हणून मी त्याला घेऊन गोल फिरत होतो, अधूनमधून दोन शब्द बोलत होतो. तेवढ्यात मागून मॅव्हिस आली.

मॅव्हिस आमची शेजारीण. पंचाहत्तरीची, पर्ल नावाची फॉक्स टेरियर बाळगणारी आणि गावातल्या प्रत्येक समितीची चिटणीस. गुणफलकाच्या मागचं तिला काही दिसत नव्हतं. तिला दिसत होता मी, आणि कापूस.

"मर्व्ह, बाळा," ती हळूच म्हणाली, "तुमच्या कुत्र्याचा हल्ली आवाज येत नाही रे."

माझी छाती फुगली. "नाही ना? शांत झाला तो!"

"शांत झाला?" तिने छातीवर हात ठेवला. "कधी?"

"झाले की दहा-बारा दिवस."

"अगं बाई! आणि मला कळलंसुद्धा नाही. फार त्रास झाला का त्याला?"

"सुरुवातीला झाला थोडा. मग चीज द्यायला लागलो. शेवटी शेवटी नुसता आमच्याकडे बघायचा."

मॅव्हिसने रुमाल काढला. "ग्लेनिस होती ना जवळ?"

"तीच होती! मला तर लांब उभं केलं होतं. ओल्वेन म्हणाली, तू जवळ असलास की त्याला जास्त त्रास होतो."

"आणि हा..." तिने बर्नार्डकडे बोट केलं.

"हा सरावासाठी."

"हो रे बाळा," ती माझा दंड दाबत म्हणाली, "सवय करावीच लागते. वेळ लागतो."

"ओल्वेन म्हणते, सहा महिने."

"लागू देत," असं म्हणून मॅव्हिस डोळे टिपत निघून गेली. किती हळवी बाई आहे, असं माझ्या मनात आलं.

संध्याकाळी दार वाजलं. दारात ट्यूना घातलेलं मॅकरोनी, वरून चीज लावून भाजलेलं, गरम. सोबत कार्ड: 'ट्रॅक्टरच्या स्मृतीस. आमच्या प्रार्थना तुमच्यासोबत आहेत.'

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच जाऊन खरं काय ते सांगायचं. मीही तसंच म्हणालो. कोटसुद्धा घातला. मग डोळ्यांपुढे चित्र आलं: 'तो जिवंत आहे' म्हटलं की ती विचारणार, मग कापडी कुत्रा कशाला? मग कळणार की पान तीन लिहिणाऱ्या पिकेटचाच कुत्रा भुंकतो, आणि पिकेटला स्वतःच्याच कुत्र्याची दोरी धरायला बंदी आहे. शिवाय मॅकरोनी गार होत होतं. मी कार्ड खिशात घातलं आणि पातेलं आत नेलं.

"मॅव्हिसने दिलं? आपल्याला?" ग्लेनिस म्हणाली. "तीस वर्षांत त्या बाईने मला कुंपणावरून एक लिंबू दिलं नाही."

"जास्त झालं म्हणाली."

पुढच्या दोन आठवड्यांत गावात सगळ्यांचंच जास्त झालं. खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक आले, भोपळ्याचे छोटे पाव म्हणजे स्कोन आले, एकाने धुरी दिलेला अख्खा ट्राउट मासा आणून दिला. लोक काउंटरवर येऊन बिल्ला घ्यायचे आणि माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवायचे. डंकनसाहेबांनी मला आत बोलावलं, ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाले, "मर्व्ह, तू तीन दिवस घरी राहा. आपल्या कागदांत कुत्र्यासाठी अशी रजा नाही, पण मी बसवतो कुठेतरी."

घ्यायला नको होती. घेतली. त्या तीन दिवसांत आम्ही एकोणतीस मीटरवरून एकवीसवर आलो. (मला लाज वाटत होती. पण एकवीस म्हणजे एकवीस!)

ऑक्टोबरात बर्नार्डचं पितळ उघडं पडलं. आम्ही सहा मीटरवर आलो होतो. वारा फिरला. ट्रॅक्टरने नाक वर केलं, डांबराच्या गोळ्यांचा वास घेतला आणि सरळ चालत आला. बर्नार्डला मागून हुंगलं, पुढून हुंगलं. मग मान वर करून तो माझ्याकडे बघत राहिला, बराच वेळ. मला वहीत लिहायला शब्द सापडला नाही. शेवटी मी 'कीव' असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवलं. पण तोपर्यंत बर्नार्डचं काम झालं होतं. ट्रॅक्टरला आता लांबून खरे कुत्रे चालत होते. पंधरा मीटरवर डॅक्सहुंड दिसला तर तो त्याच्याकडे बघायचा आणि मग मान वळवून ग्लेनिसकडे. जणू विचारतोय, "दिसला मला. माझं चीज?" पहिल्यांदा त्याने तसं केलं तेव्हा ग्लेनिस गवतात मटकन बसली आणि त्याच्या मानेत तोंड खुपसून हसली. सिरिलला वृद्धाश्रमात ठेवून आल्यापासून ती तशी हसली नव्हती.

"आता गर्दीतली परीक्षा," ओल्वेन म्हणाली. "नोव्हेंबरात मैदानावर गावचा श्वान मेळावा आहे. तिथे, लांबून."

माझ्या घशात लॅमिंग्टन अडकला. मेळाव्याची चिटणीस मॅव्हिस. बक्षिसाच्या फिती दरवर्षी मी लावतो. गाव तिथे लोटतं.

"गर्दी फार असते हो," मी म्हणालो.

"म्हणूनच," ओल्वेन म्हणाली.

मी मनात आखणी केली. त्या तिघी (ट्रॅक्टर धरून, तो बोलत नसला तरी मत त्यांच्याच बाजूने देतो) मैदानापलीकडच्या रस्त्यावर ऐंशी मीटर लांब, झाडांमागे राहतील. मी इकडे फिती लावून तासाभरात मोकळा होईन. कोणाला काही कळणार नाही. बर्नार्ड घरी राहील.

मैदानावर पोचलो तर बर्नार्ड मंचावर बसलेला. गळ्यात काळी फीत. मॅव्हिसने तो सकाळीच येऊन ग्लेनिसकडून मागून नेला होता. 'सजावटीला हवाय' म्हणाली, आणि ग्लेनिसने दिला होता.

चौतीस कुत्रे, दोनशे माणसं. फिती सुरू होण्याआधी मॅव्हिसने ध्वनिक्षेपक हातात घेतला. "आपल्या सगळ्यांच्या कुत्र्यांची सव्वीस वर्षं काळजी घेणारा आपला मर्व्ह," ती म्हणाली, "यंदा स्वतःच्या कुत्र्याला मुकला. आपण सारे उभे राहू. ट्रॅक्टरसाठी एक मिनिट शांतता."

दोनशे माणसं उभी राहिली. पुरुषांनी टोप्या काढल्या. चौतीस कुत्रेसुद्धा गप्प झाले, ते कसे काय हे मला अजून कळलेलं नाही. मी मान खाली घातली. मला खरोखरच रडू येत होतं.

आणि त्या शांततेत, पंचवीस मीटरवरून, ग्लेनिसचा स्वच्छ आवाज आला, "शाब्बास, ट्रॅक्टर! बघितलंस का कुत्र्यांकडे? किती कुत्रे! घे चीज!"

गोष्टी इतक्या छान चालल्या होत्या की ऐंशी मीटरवरून ओल्वेन त्यांना पुढे पुढे आणत गेली होती. दोनशे माणसं एकदम वळली. चौतीस कुत्रेही वळले. आणि सगळ्यांच्या समोर, ग्लेनिसच्या गुडघ्याशी, ट्रॅक्टर. कान उभे. शेपटी ताठ. पापणी लवत नव्हती. ही खूण मला ठाऊक होती. यानंतर कुंपण असतं.

माझा श्वास बंद होता. ते लक्षात आलं तेव्हा मला धडकी भरली, कारण मधे दोरी नसली तरी तो माझ्याकडेच बघत होता. मी सगळं बळ एकवटून श्वास सोडला. खांदे खाली. हात सैल. वर्षभरात केलेलं एकमेव शहाणपणाचं काम. ट्रॅक्टरने माझ्याकडे पाहिलं, चौतीस कुत्र्यांकडे पाहिलं, एक जांभई दिली, आणि हळूच मान वळवून ग्लेनिसकडे बघितलं.

"घे बाळा," ग्लेनिस पुटपुटली, आणि उरलेलं सगळं चीज त्याच्यापुढे ओतलं.

पहिला भुंकणारा आवाज मॅव्हिसचा होता.

"हा मेला नाही?"

"नाही," मी म्हणालो.

"तू म्हणालास, शांत झाला!"

"मग? बघ की!"

"आणि माझं मॅकरोनी?"

"ते..." मी म्हणालो, "उत्तम होतं."

"माझा ट्राउट!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"कसला ट्राउट?" ग्लेनिसने माझ्याकडे बघत विचारलं. (ट्राउट मी ऑफिसात खाल्ला होता.)

मॅव्हिस हात उगारत माझ्याकडे निघाली. ओल्वेन मधे आडवी झाली. तुरुंगात चोवीस वर्षं काढलेला आवाज होता तो. "मॅव्हिस! थांब. आणखी जवळ येऊ नकोस. श्वास घे. माझ्याकडे बघ. छान." आणि सवयीने तिने पिशवीतून चीजचा तुकडा काढून मॅव्हिसच्या हातावर ठेवला. मॅव्हिसने रागारागात तो खाल्ला. मग एकदम खाली बसली आणि हसायला लागली. तिच्या हसण्याला घाबरून पर्ल भुंकली, पर्लला बघून चौतीसच्या चौतीस भुंकायला लागले, आणि त्या सगळ्या गदारोळात ट्रॅक्टर तेवढा ग्लेनिसच्या पायांवर बसून पुढच्या तुकड्याची वाट बघत होता.

परिणाम व्हायचे ते झाले. तीन दिवस वार्षिक रजेतून कापले गेले. पातेली मी स्वतः घासून, घरोघर जाऊन, दारात उभं राहून माफी मागत परत केली. एकोणीस दारं होती. त्यांतल्या अकरा दारांत लोकांनी मला आत घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मर्व्ह, आमचाही असाच करतो रे. ते चीजचं नक्की कसं?" एवढ्या वर्षांत काउंटरवर मला हे एकानेही विचारलं नव्हतं. कोण विचारणार? पान तीन होतं ना मधे.

डिसेंबरात आम्ही ट्रॅक्टरला बर्नीला नेलं. वृद्धाश्रमाच्या दारातच पूडल आडवा आला. ट्रॅक्टरने त्याच्याकडे पाहिलं, ग्लेनिसकडे पाहिलं, आणि काठ्या टेकणाऱ्या माणसांमधून कोणाला धक्का न लावता चालत गेला. सिरिल खुर्चीत बसला होता. त्याने कुत्र्याला नखशिखांत न्याहाळलं.

"हा माझा नाही," तो म्हणाला. "माझा फार भुंकायचा."

मग ट्रॅक्टरने त्याच्या मांडीवर हनुवटी ठेवली आणि सिरिलचा हात आपोआप त्याच्या कानामागे गेला, जिथे जायची त्याला सवय होती. पुढचा तासभर तो चहाबद्दल चकार शब्द बोलला नाही. बोलला ते मेंढ्यांबद्दल, कुंपणांबद्दल, आणि त्या तीन वर्षांच्या मुलीबद्दल, जिला दुसरं नाव सुचलं नव्हतं. ग्लेनिस तिथेही खिडकीबाहेर बघत होती, पण ते वेगळं बघणं होतं. मी विचारलं नाही.

गेल्या शनिवारी ओल्वेनचा फोन आला. "मर्व्ह, एक काम आहे. नवीन कुत्री आलीये. ती पुरुषांना घाबरते. लांब उभं राहायला एक पुरुष हवाय."

मी वही घेऊन धावतच गेलो. शेवटी बाईंनी माझी कदर केली होती. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला चाळीस मीटरवर उभा राहिलो, खांदे खाली, हात सैल, श्वास चालू. कुत्रीने मला पाहिलं आणि आकाशपाताळ एक केलं.

"दहा पावलं मागे!" ओल्वेन ओरडली.

गेलो. कुत्री भुंकतच होती.

"आणखी दहा!"

गेलो. मग आणखी दहा. मैदान संपलं. मी फाटकातून बाहेर पडलो, रस्ता ओलांडला आणि पोस्टाच्या इमारतीला वळसा घालून मागच्या भिंतीशी जाऊन उभा राहिलो. भुंकणं थांबलं.

"आता कसं काय?" मी ओरडून विचारलं. "दिसतोय का मी?"

"नाही!" लांबून ओल्वेनचा खूश झालेला आवाज आला. "अगदी झकास! तिथेच थांब!"